बोटीवरची हद्द

टोकियोच्या धक्क्यावरून ओगासावारा बेटांची चोवीस तासांची बोट सुटली आणि सासूबाईंनी पहिलं काम केलं ते हद्द आखायचं. स्वस्त वर्गात एकच मोठं दालन, जमिनीवर गाद्या आणि सगळे ओळीने आडवे. आईंनी आमच्या बॅगा रांगेत लावून भिंत उभारली. अलीकडे आई आणि मी, पलीकडे युको.

युको माझी जपानी धाकटी जाऊ, कामापुरतं मराठी बोलणारी. आम्ही नवऱ्याच्या आयटीच्या कामामुळे टोकियोजवळ उरायासुला, ती दोघं इचिकावाला. आम्हा तिघींची ही सहल तिनेच ठरवलेली. पुण्याहून आल्यापासून आईंनी तिच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं. कारण एकच, ती मासे शिजवते. युको तोंडावर काही बोलली नाही, पण नवऱ्याला तिने बजावलं होतं, असंच चाललं तर मी पुण्याला कधीच येणार नाही.

समुद्र खवळला. आईंचा तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा कलंडला, पुऱ्या जमिनीवर लोळल्या. उरले युकोचे ओनिगिरी (भाताचे गोळे). तिने पुढे केले, आईंनी मान फिरवली. मला भयंकर राग आला.

शेजारी जॉर्ज आजोबा होते. कृष्णवर्णीय अमेरिकन, एके काळचे खलाशी, आता बेटावरच राहणारे. बॅगांकडे बघून ते हसले आणि इंग्रजीत सांगू लागले. मी आईंना मराठीत सांगत गेले.

"दुसऱ्या महायुद्धात आम्हा काळ्यांना बोटीवर वाढप्याचं काम. एका गोऱ्या कप्तानाने वरच्यांना पटवून आम्हाला बरोबरीने घेतलं. काम एक, झोपायची जागा एक, जेवायचं टेबल एक. पुढे तो एका बेटाचा गव्हर्नर झाला. तिथे आधी आरमाराचा अंमल, हा पहिला बिगरलष्करी."

"बोट नीट चालली का, विचार," आई म्हणाल्या.

"इतर बोटींसारखीच. तपासणीत खोट निघाली नाही."

"आणि भांडणं?"

"झाली की सुरुवातीला. मग सगळ्यांना भूक लागली."

आई खुदकन हसल्या. एक बॅग बाजूला झाली. "युको, इकडे सरक. यात मासा नाही ना?"

"नाही, आई. आंबट फळ."

आईंनी दोन खाल्ले.

बेटावर काय पाहिलं, असं सगळे विचारतात. निळंशार पाणी पाहिलं, पपया खाल्ल्या. पण मला आठवते ती परतीची बोट. युको चहा आणायला गेली होती. आईंनी शेजारच्या गादीवर बॅग ठेवलेली. एका बाईने जागा रिकामी आहे का म्हणून विचारलं. आईंना जपानी कुठलं येतंय! बॅगेवर हात ठेवून त्यांनी ठणकावलं, "युको-सान!"

युको मागेच उभी होती. बॅग उचलून ती तिथे बसली.

"आई," ती म्हणाली, "पुण्याला कोणत्या महिन्यात येऊ?"