तीन हजार फुटांवरचं सुकाणू

घरात रेडिओ यायचा होता, आली होडी. आमचे हे विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती उचलून आणली. शिडाची होडी, पोटात एवढीशी खोली, त्यात दोन माणसं गुडघे छातीशी घेऊन जेमतेम झोपतील. आणि वाळून पार पापड झालेली. चामराजपेटेतल्या आमच्या अंगणात ती बैलगाडीवरून उतरली तेव्हा घरमालकीणबाई बाहेर आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अक्का, पूर येणार आहे का?"

खरं तर मी भांडायला हवं होतं. पण मी मालवणची, होडीवाल्याची लेक. लाकडाचा तो वास आला आणि मी खुळावलेच. आठ वर्षांची असताना मी बाबांच्या होडीचं सुकाणू धरलं होतं, तर बाबांनी हातावर सणसणीत फटका दिला होता. पोरीबाळींनी सुकाणूला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तो फटका मी विसरले नव्हते. ह्यांना तिथल्या तिथे सांगून टाकलं, "काय हवं ते दुरुस्त करा, पण सुकाणू मी धरणार."

"तू शीड धर," हे म्हणाले. "सुकाणूला डोकं लागतं."

ऐकलंत ना? आणि हे डोकेबाज गृहस्थ होडीवर काय काय बसवत होते ते बघा. भंगारातून होकायंत्र आणलं. कशाला, तर हलसूरच्या तळ्यासाठी, जिथे मध्ये उभं राहिलं की चारही काठ दिसतात. सायकलचा दिवा लावला. विमानातलं उंची मोजायचं यंत्र लावलं, ते अंगणात बसल्या बसल्या तीन हजार फूट दाखवायचं. मी शीड शिवलं. दिवाणखान्यातली खुर्च्या-टेबलं बाहेर काढून जाडं कापड पसरलं, शिलाईयंत्राच्या सुया मोडल्या, पण हसून हसून आमची दोघांची पोटं दुखायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. इतकं आम्ही त्याआधी कधी हसलो नव्हतो.

फळ्यांच्या फटींवरून मात्र जुंपली. मी म्हटलं, "ह्या अशाच ठेवा. होडी आधी पाण्यात बुडवून ठेवायची असते. लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. बाबा दर वर्षी तेच करायचे."

"बुडवायचीच होती तर आणली कशाला?" हे म्हणाले. त्यांनी प्रत्येक फट पातळ पट्ट्यांनी मोजली, वहीत लिहिली आणि विमानाच्या कामातलं दगडासारखं कडक लुकण त्यात ठासून भरलं. नख शिरेना. कारखान्याच्या हिशेबाने काम एक नंबर.

होडी हलसूरला नेली, पाण्यात सोडली आणि काठाशी बांधून ठेवली. थेंब आत आला नाही; हे दोन दिवस मिशीत हसत होते. तिसऱ्या दिवशी बघतो तर लाकूड फुगलेलं, लुकण जागचं हलत नाही, आणि मधली फळी खिळे उपटून वर आलेली. आत गुडघाभर पाणी. हे काठावर मटकन बसले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला हसूच आवरेना.

मग सूत्रं माझ्याकडे आली. लुकण खरवडून काढलं, फळी पुन्हा ठोकली. पेठेतून राळ आणि तेल आणलं, कापसाच्या वाती त्यात भिजवून फटींत सैलसर बसवल्या. मग होडीत दगड भरून ती काठाशी सरळ बुडवली. येणारेजाणारे हळहळायचे. पाचव्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं आणि ती ठणठणीत तरंगली.

त्याच आठवड्यात बाबा मालवणहून आले. स्वतःची होडी विकल्यापासून ते पाण्यावर गेलेच नव्हते. तळ्यावर आल्यावर त्यांनी फळ्यांवरून हात फिरवला, मग त्या उंचीच्या यंत्रापाशी थांबले. ह्यांनी समजावलं, "समुद्रापासून आपण किती उंच आहोत ते दिसतं."

"म्हणजे बुडालंव तरी तीन हजार फूट वयर," बाबा म्हणाले.

आम्ही निघालो. हे सुकाणूवर, मी शिडाच्या दोरीशी, बाबा मध्ये. बाबांची नजर सारखी सुकाणूकडे. होडीवर असताना त्यांनी सुकाणूकडे कधी पाठ केल्याचं मला आठवत नाही; धरणारा कोणीही असो, त्यांचा विश्वास नसायचा. बोटांनी फटी चाचपत त्यांनी विचारलं, "होडी कोणी भिजवल्यान?"

"हिने," हे म्हणाले. लुकणाची सगळी कथाही सांगून टाकली, प्रामाणिक माणूस.

बाबांनी फटीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "मगे सुकाणू तिका दिया."

आम्ही जागा बदलल्या. होडी डुगडुगली, आणि मी वेड्यासारखी हसत होते. बाबा उठले, पुढच्या टोकाला गेले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. खिशातून शेंगा काढून एकेक फोडून खाऊ लागले. तळ्याला मी तीन फेऱ्या मारल्या, त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.