मुरबाडचा हिरवा ठिपका

राउटरला मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा माझे वय एक्केचाळीस होते. त्याआधी वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी, काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणे आणि नंतर घरातली लागोपाठची आजारपणे, एवढाच माझा पूर्वेतिहास. कल्याणच्या ज्या वर्गात मी नेटवर्किंग शिकले, तिथली मुले मला ‘काकू’ म्हणत आणि माझ्या वहीतून टिपणे उतरवून घेत. वही माझी चांगली असे; हात मात्र वर होत नसे. शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर येत असले तरी ते मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवी, आणि दुसऱ्या कुणी तेच सांगितले की त्यापुढे बरोबरची खूण करी.

ही सवय महाविद्यालयापासूनची. वनस्पतींचे नमुने दाबून, वाळवून कागदावर लावायचे असतात. ओळख पक्की होईपर्यंत नमुना चिकटवायचा नाही, नुसता घडीच्या कागदात ठेवायचा, अशी आमच्या प्राध्यापिकांची शिस्त होती. इतर मुली दोन-तीन पुस्तके पाहून नमुना चिकटवत. मी पाच पाहत असे आणि तरीही ठेवून देत असे. सापगावच्या घरी माझ्या कपाटात असे न चिकटवलेले नमुने अजून आहेत.

शहापूरच्या एका धर्मादाय संस्थेच्या छोट्या रुग्णालयात मला संगणक आणि नेटवर्क सांभाळण्याचे काम मिळाले. संस्थेची मुरबाडला एक एक्स-रेची खोली आहे. तिथे काढलेला एक्स-रे तारेवरून शहापूरला येतो, आमचे डॉक्टर तो पडद्यावर पाहतात आणि अर्ध्या तासात अहवाल परत जातो. या प्रवासासाठी दोन वाटा होत्या. एक फायबरची, वेगवान. दुसरी मोबाइलच्या सिमवरची, अरुंद, अडीनडीला वापरायची. फायबर तुटली की राउटरने आपण होऊन दुसऱ्या वाटेवर जावे आणि फायबर जुळली की परत यावे, अशी व्यवस्था होती.

तो जात असे. परत येत नसे. रस्त्याच्या रुंदीकरणामुळे फायबर रोज एकदा तरी तुटे आणि तासाभरात जुळेही. पण राउटर मात्र अरुंद वाटेवरच रेंगाळत राही. एक्स-रेची चित्रे वजनाने मोठी. ती त्या वाटेत अडकून पडत. मोडलेला हात गळ्यात बांधून बाकावर बसलेल्या माणसाला शेवटी ‘शहापूरला जा’ असे सांगावे लागे.

संस्थेचे चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी एका सोमवारी सकाळी मला बोलावले. “शनिवारी सभा आहे,” ते म्हणाले. “तोपर्यंत ही कटकट मिटली नाही, तर मुरबाडचं मशीन उचलून इथे आणून बसवायचं असा ठराव मी मांडणार आहे. पेशंट तसेही इथेच येतायत.”

मशीनबरोबर ते चालवणाऱ्या ताईही शहापूरला येणार, हे त्यात ओघाने आलेच. त्या टोकावड्याच्या. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. मुरबाडची ती खोली सुरू झाली तेव्हापासून तिथला एक्स-रे त्याच काढतात. त्या दिवशी मी मुरबाडला गेले तेव्हा बातमी माझ्याआधी तिथे पोहोचली होती.

“मशीन नेनार म्हनं,” त्या म्हणाल्या. “माझं काय, मी पहाटेची गाडी पकडीन. पन घाटाखालून पाय मोडलेलं मानूस येतंय, त्याला काय मांडीवर घेऊन येऊ शहापूरला?”

मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, “पॅच आलाय.”

“काय आलंय?”

“राउटरच्या सॉफ्टवेअरमधली चूक सुधारणारा तुकडा. कंपनीने पाठवलाय. आपल्याकडे होतंय अगदी तेच त्यांच्या टिपणात लिहिलंय.”

हे टिपण मी आधी चार वेळा वाचले होते. त्यात दोन पायऱ्या सांगितल्या होत्या: पॅच लागू करणे आणि पॅच कायम करणे. कायम करेपर्यंत राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर तो जुन्या सॉफ्टवेअरवर परततो, असे खाली स्पष्ट म्हटले होते. त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघही मारली होती, आणि खरे सांगायचे तर तिचाच मला मोठा दिलासा वाटला होता. काही चुकले तर राउटर बंद करून चालू करायचा. केलेले सगळे न केल्यासारखे होईल. म्हणून मी पहिली पायरी चढले आणि दुसरी आठवडाभर पाहून मग, असे ठरवले. फायबरची वायर दहा वेळा काढून पुन्हा जोडली. राउटर दहाही वेळा परत आला. ताई दारात उभ्या राहून हसत होत्या. “आता पुरे गो बाय, तुटंल ती.”

मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला. राउटर पुन्हा अडकला होता. मी शहापूरहूनच संगणकावरून राउटरमध्ये शिरून पाहिले, तर पॅच लागूच नव्हता. आपल्याच हातून काही राहिले असणार, असे माझ्या मनाने लगेच घेतले. कुणाला न सांगता तो पुन्हा लागू केला. बुधवारी तेच. पॅच नाहीसा, राउटर अरुंद वाटेवर. राउटर किती वेळापासून चालू आहे, हे पाहणे आमच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या धड्यात होते. ते मी पाहिले नाही. मी टिपण पाचव्यांदा वाचले.

एक प्रश्न मात्र मी विचारला होता. “ताई, काल लाइट गेली होती का?”

“नाय मॅडम. लाइट एकदापन नाय गेली.”

राउटरला बॅटरीही होती. मी आभार मानून फोन ठेवला. आणखी दोन प्रश्न विचारले असते तर? पण समोरच्याचा वेळ आपण घेतो आहोत, हे ओझे मला फोनवर नेहमीच होते.

कंपनीचा तंत्रज्ञ म्हणाला, “मॅडम, बाकी सगळीकडे चालतोय. तुमच्याचकडे कसा नाहीसा होतो?” चिटणीस म्हणाले, “पॅचबिच राहू द्या आता. टेम्पो सांगून ठेवू.”

गुरुवारी सकाळी मी सापगावहून मुरबाडची एसटी पकडली. ठरवले होते की जागेवरच पॅच पुन्हा लागू करायचा आणि खोली बंद होईपर्यंत राउटरसमोरून हलायचे नाही. ताईंनी मला खुर्ची दिली. दुपारी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे सरकवली. दिवसभरात फायबर दोनदा तुटली. दोन्ही वेळा राउटर गेला आणि परत आला. नऊ एक्स-रे गेले, नऊ अहवाल आले. जिन्यावरून पडलेल्या एका आजीबाईंचे मनगट शाबूत असल्याचे कळले तेव्हा त्या ताईंनाच रागे भरल्या. “मंग एवढं दुखतंय कशाला?”

साडेपाच वाजले. ताईंनी झाडू मारला, टेबल पुसले. मग एक्स-रे मशीन बंद केले. संगणक, पंखा, दिवा. त्यानंतर त्या खाली वाकल्या आणि राउटरच्या बॅटरीचे बटण दाबले. राउटरवरचे हिरवे दिवे एकदम विझले. शेवटी दाराजवळचा मुख्य स्विच खाली ओढून त्यांनी त्याला तीन बोटे लावली आणि ती कपाळाला टेकवली.

“चला मॅडम, तुमची गाडी जाईल.”

मी खुर्चीतच होते. “ताई, हे रोज करता?”

“रोज म्हंजे? चालू टाकून जाऊ? आमच्याकडं घाटाखाली इजा कशा पडतात तुमाला ठाव नाय. घराला कुलूप लावताना कोन पिन बोर्डात ठेवत नाय. माझ्या भावाचा फ्रीज, टीवी, गिरनीची मोटर, एका टायमाला गेलं सगलं. हे मशीन मी लेकरावानी सांभालते.”

“पण मी तुम्हाला विचारलं होतं...”

“तुमी इचारलंत लाइट गेली का. लाइट नाय गेली. मी घालवली!”

आणि त्या हसल्या. मीही हसले. मशीन आपल्याकडेच राहावे म्हणून जी बाई जिवापाड जपत होती, तिच्याच हातून रोज संध्याकाळी माझा पॅच पुसला जात होता. आणि तो पुसला जाऊ शकत होता, याचे कारण त्यांच्या बोटांत नव्हते. ते माझ्या पेन्सिलीच्या रेघेत होते.

मी हे सारे त्यांना सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजे माझ्यामुलं मशीन इथून चाललं होतं?”

“नाही. माझ्यामुळे. दिवा लावता का पुन्हा?”

सगळे परत सुरू झाले. राउटर अपेक्षेप्रमाणे जुन्या सॉफ्टवेअरवर जागा झाला. मी पॅच लागू केला आणि दुसऱ्या पायरीची आज्ञा टंकून थांबले. एकदा कायम केल्यावर मागे फिरता येत नाही असे नाही. पण ते सहज नसते. बोट कळीवर होते आणि ते खाली जाईना.

“आता काय बघताय?” ताई माझ्या खांद्यावरून म्हणाल्या.

“काही राहिलं तर नाही ना, एवढंच.”

“दिवसभर चाललं ना?”

“चाललं.”

“मंग आनखी कोनाला इचारायचंय?”

मी कळ दाबली. थोड्या वेळाने पडद्यावर एक ओळ उमटली: पॅच कायम झाला आहे. मग मी त्यांना म्हटले, “ताई, आता बंद करा. अगदी रोजच्यासारखं.” त्यांनी क्रमाने सगळे बंद केले, तीन बोटे कपाळाला लावायलाही विसरल्या नाहीत. आम्ही अंधारलेल्या खोलीत थोडा वेळ उभ्या राहिलो. पुन्हा सुरू केल्यावर पॅच होता. वायर काढली, जोडली. राउटर परत आला.

“आता मी बंद केलं तरी जात नाय ना ते?”

“नाही जात.”

माझी एसटी तोवर गेली होती. त्यांनी स्वतः मला किन्हवलीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिले.

शुक्रवार सुरळीत गेला. शनिवारच्या सभेत मी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीवर बसले. घडलेले सगळे मी एका कागदावर लिहून दिले होते, म्हणजे बोलावे लागणार नाही. चिटणीसांनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“अरेच्चा! म्हणजे आपण कंपनीला दोष देतोय, आणि आपल्याच बाई रोज बटण बंद करून जातायत. इतिवृत्तात घेतो. ‘सूचना देऊनही मुरबाड येथील कर्मचारी...’”

“सर, तसं लिहू नका.”

आवाज माझाच होता. सगळी डोकी दाराकडे वळली. त्या सभेत मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते.

“सूचना मी दिलीच नव्हती,” मी म्हणाले. “त्यांनी त्यांचं काम नीट केलं. पॅच कायम करायचं माझं काम होतं. ते मी भीतीने पुढे ढकललं. पहिल्याच दिवशी केलं असतं, तर त्यांनी दिवसातून दहा वेळा बंद केलं असतं तरी बिघडलं नसतं.”

चिटणीसांचे पेन थांबले. वर्गात खोटे न बोललेल्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. “मग काय लिहू?”

“गुरुवारी पॅच कायम केला, असं लिहा. उशीर माझ्याकडून झाला, असंही.”

डॉक्टर मध्येच म्हणाले, “काल मुरबाडहून अकरा आले. एकही अडकला नाही. माझा चहा मात्र गार झाला.”

कुणीतरी हसले. चिटणीसांनी विषयपत्रिकेवरच्या चौथ्या विषयावर, मशीन हलवण्याच्या, बोट ठेवले. हा पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवू, असे ते म्हणू लागले, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “की नकोच?”

“नको,” मी म्हणाले.

त्यांनी तो शाईने खोडला.

पूर्वी मी पाचच्या एसटीने घरी जात असे. म्हणूनच मुरबाडचा राउटर चालू असल्याचा माझ्या पडद्यावरचा हिरवा ठिपका साडेपाचला विझतो, हे मला कधी दिसले नव्हते. आता मी त्यानंतरची गाडी घेते. ठिपका विझला की ताई घरी निघाल्या, हे समजते, आणि सकाळी नऊला तो पुन्हा उजळतो. विजांचे दिवस आले की मात्र ही वेळ चुकते. परवा चारलाच त्यांचा फोन आला.

“मॅडम, इकडं लई चमकतंय. पेशंट कोन नाय. बंद करते हां, सांगून ठेवते.”

“करा,” मी म्हटले. आणि या वेळी फोन लगेच ठेवला नाही. त्यांच्या भावाने नवा फ्रीज घेतला का, ते विचारले.