सगळ्यांना एकच मानपत्र

"लिहिणं म्हणजे काय पोहे फोडणीला टाकणं आहे का, मॅडम?" असं म्हणून आमचे साहेब पेनाचं टोपण काढायचे, पुन्हा लावायचे आणि पेन खिशात ठेवून द्यायचे. त्या पेनातून काही कागदावर उतरलेलं मी क्वचितच पाहिलं. तरी सिन्नरच्या आमच्या कारखान्यात साहित्यिक म्हणून त्यांचाच दबदबा होता.

हुद्द्यानं ते स्टोअरचे इन्चार्ज. पण कुणी निवृत्त झालं, की शाल-श्रीफळाबरोबर जे मानपत्र वाचलं जायचं, ते लिहिण्याचा मक्ता त्यांच्याकडे. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे.

आणि लिहायचे तरी काय? कॉम्प्युटरमध्ये एक जुना मजकूर होता. त्यातलं नाव खोडायचं, नवं घालायचं. फिटर असो की मॅनेजर, सगळेच निगर्वी, मितभाषी आणि कर्मयोगी. आमच्या कॅन्टीनचा आचारी दिवसभर आरडाओरडा करायचा, त्याचा आवाज गेटपर्यंत ऐकू यायचा. तोही मितभाषी. लोक टाळ्या वाजवताना हसू दाबायचे आणि हे गृहस्थ पुढच्या रांगेत डोळे मिटून आपलीच वाक्यं ऐकत बसायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतः काही लिहीत नाहीत, पण दुसऱ्याच्या लिहिण्यावर पहारा देतात.

मी अकाउंट्समध्ये होते. लिहायची हौस होती, धीर नव्हता. एकदा कसाबसा तो गोळा करून, नाशिकरोडला फुलं विकणाऱ्या माझ्या मावशीवर दोन पानं लिहिली आणि कंपनीच्या बसमध्ये साहेबांच्या हातात दिली. मोहदरीचा घाट उतरेपर्यंत त्यांनी ती वाचली.

"भाषा अगदीच घरगुती आहे," ते म्हणाले. "मावशी, झेंडू, पाटी. यात साहित्य कुठंय?"

"मग काय करू?"

"दहा वर्षं नुसतं वाचा. मग बघू."

त्यानंतर लिहायला बसलं, की तेच वाक्य कानात घुमायचं आणि मी उठून कुकर लावायचे. ज्या माणसाला एका आचाऱ्याबद्दल एक खरं वाक्य लिहिता आलं नाही, त्याच्या मताला मी एवढी किंमत दिली, याची मला अजून चीड येते.

पुढे त्यांचीच निवृत्ती आली. त्यांचं मानपत्र कोण लिहिणार? अर्थात त्यांनीच लिहिलं. वाचायला मात्र माझ्याकडे दिलं. "स्पष्ट वाचा. मनाचं काही घालू नका," असं बजावलंही.

हॉल भरला होता. साहेब फेटा बांधून स्टेजवर बसले होते. मी निगर्वी, मितभाषी वगैरे वाचलं आणि पुढच्या ओळीवर थबकले. ‘आपल्या यशात आपल्या सुविद्य पत्नींचा सिंहाचा वाटा आहे.’ साहेबांचं लग्नच झालेलं नव्हतं. नाव तेवढं बदललं होतं, बाकीचं नेहमीप्रमाणे तसंच राहिलं होतं.

वाचावं, होऊ दे एकदा फजिती, असं माझ्या मनात आलं. मग त्यांच्याकडे लक्ष गेलं. मजकूर त्यांना पाठ होता. आता काय येणार, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. फेट्याखाली तोंड एवढंसं झालं होतं.

मी कागद मिटला. "साहेब एकटे राहतात," मी म्हणाले. "आपल्यातल्या प्रत्येकाचं मानपत्र ते फ्रेम करून आणतात. काच फुटू नये म्हणून बसमध्ये मांडीवर धरून बसतात. नंतर त्या माणसाच्या घरी जाऊन भिंतीत खिळा स्वतः ठोकतात. हातोडीही घरून नेतात. चहा घेत नाहीत, फ्रेम सरळ लागली का तेवढं बघतात."

मागून निवृत्त आचाऱ्याचा तोच तो आवाज आला, "खरं हाय ताई. माझ्याकडं तर दोनदा येऊन सरळ केली."

खाली उतरल्यावर साहेब जवळ आले. "जे बोललात ते लिहून द्या," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "मितभाषी मात्र राहू द्या." माणूस सुधारायला तयार नव्हता.

ते कळवणला धाकट्या भावाकडे राहायला गेले. तिथून फोन यायचा.

"झालं का?"

"अजून नीट जमत नाहीये."

"जमेल तसं पाठवा हो."

दहा वर्षं वाचा म्हणणाऱ्याला आता दम निघत नव्हता. आणि मी मात्र बसायचे, एक ओळ लिहायचे, त्यांच्या भीतीनं खोडायचे. एका सकाळी त्यांच्या भावाचा फोन आला. साहेब झोपेतच गेले होते.

मी कळवणला भेटायला गेले. भावानं मला त्यांची खोली दाखवली. खाटेसमोरच्या भिंतीवर एक खिळा होता, त्याला काही अडकवलेलं नव्हतं.

"आल्या आल्या दादानंच ठोकेल हाय," भाऊ म्हणाला. "नाशिकहून काहीतरी यायचं हाय म्हणे. आम्हाला कॅलेंडर पण लावू दिलं नाय."

परतीच्या एसटीत मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या आणि लिहायला घेतलं. वणी गेली, दिंडोरी गेली, मी थांबले नाही. नावं ठेवणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि मला तेच सहन होत नव्हतं.