बिनखिळ्याची होडी

“पण नॉर्म कुठली?” हेर केसलरनी, म्हणजे केसलरसाहेबांनी, तिसऱ्यांदा विचारलं.

आमच्या समोर होडी होती. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या. मी दोरी ओढून दाखवली, फळीवर उभी राहून दाखवलं, माझी आकडेमोड पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली.

“गेनाऊ, अगदी बरोबर, फ्राउ कुलकर्णी. गणित मला पटतंय. पण हा जोड कुठल्या नॉर्ममध्ये बसतो?”

मी, फ्राउ म्हणजे श्रीमती कुलकर्णी, जर्मनीतल्या आखन शहरात एका लहानशा ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. बाल्कनी, जिने, छपरं लोकांच्या वजनाखाली टिकतील का, हे मी हिशेब करून सांगते. जिथे पब्लिक चढणार असतं तिथे माझं गणित दुसरा, सरकारमान्य इंजिनिअर तपासतो. त्याला म्हणतात प्र्युफइंजिनिअर. इथे ते हेर केसलर. त्यांची सही झाल्याशिवाय त्या वस्तूवर मांजरसुद्धा चढू शकत नाही. आणि नॉर्म म्हणजे छापील नियम. खिळा किती जाड, दोन बोल्टमध्ये अंतर किती, सगळं त्यात असतं. काथ्याच्या शिवणीची नॉर्म जर्मनीत नाही. का असेल?

काम एका म्युझियमचं होतं. पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले, त्या काळच्या समुद्रप्रवासांवर प्रदर्शन. हॉलमध्ये दोन होड्या शेजारी शेजारी. एक युरोपातली, लोखंडी खिळ्यांनी ठोकलेली. दुसरी आपल्या समुद्रातली. त्या काळी अरबस्तानापासून मलबारपर्यंत कितीतरी जहाजं अशी शिवलेली असत, एकही खिळा न मारता. लाट आली की शिवण थोडी देते आणि परत जागेवर येते. शाळेतल्या मुलांनी दोन्ही होड्यांत चढून बघावं, ही प्रदर्शनाच्या प्रमुख फ्राउ डॉक्टर लेन्त्स यांची कल्पना. मला ती फार आवडली होती.

खिळ्यांची होडी एका सकाळी पास झाली. खिळ्यांच्या पुड्यावर नॉर्मचा शिक्का होता. आमचं घोडं मात्र तिथेच अडलं.

“प्रत्येक जोडात बोल्ट घाला,” केसलर म्हणाले. “मी लगेच सही करतो.”

“बोल्ट घातले तर ती होडी ती होडीच राहत नाही.”

“मग लोकांना चढू देऊ नका. दोरी बांधून लांबून दाखवा.”

म्हणजे मुलं पोर्तुगीजांच्या होडीत उड्या मारणार आणि आमची होडी दोरीपलीकडे, हात लावू नका अशी पाटी लावून. माझं डोकंच फिरलं.

आमचे बॉस हेर ब्रिंकमन यांना असल्या भावना परवडत नाहीत. “आल्झो, तर मग, बोल्ट घाल आणि विषय संपव,” ते म्हणाले. “सुतार बोलवायचा, झालं.”

पण एक वाट होती. नॉर्म नसलेल्या गोष्टीला इथे त्या एका वस्तूपुरती परवानगी मिळू शकते, प्रत्यक्ष वजन टाकून चाचणी केली तर. ती मागायची म्हणजे अर्ज, अर्जाला जोडपत्र, जोडपत्राला खुलासा. मी तेही केलं. ऑफिसात, म्युझियममध्ये, केसलरांच्या फोनवर मी एकच वाक्य इतक्यांदा म्हटलं की झोपेतही म्हणाले असते: ही होडी शतकानुशतकं लोखंडाशिवाय चालली आहे, तुमच्या हॉलमध्येही चालेल.

तेव्हा सासरे आमच्याकडे राहायला आले होते. जेवताना मी रोज चिडचिड करायचे.

“अगं, पण ती पाण्यात जाणारच नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही हो नाना. जमिनीवर, स्टँडवर.”

“मग बुडायची भीती नाही. कसली सही मागतोय तो?”

आमची मुलगी इरा पाचवीत आहे, तिला मराठी सगळं समजतं पण बोलते ती जर्मन. तिने मान वर न करता सांगितलं, “ओपा, ओने नॉर्म गेट निष्ट्स.” नॉर्मशिवाय काही चालत नाही, आजोबा. पोरगी इथलीच झाली आहे.

अखेर केसलर चाचणीला तयार झाले. चाचणीच्या आदल्या दिवशी फ्राउ लेन्त्सचा फोन आला. आवाज विचित्र होता. “तुम्ही येऊ शकाल का? आत्ता?”

तिने मुलांसाठी एक खेळ ठरवला होता. जुन्या प्रवाशांमध्ये एक दंतकथा होती: पूर्वेच्या समुद्रात लोहचुंबकाचे डोंगर आहेत, ते जहाजांचे खिळे ओढून घेतात, म्हणून तिकडचे लोक जहाजं शिवतात. तर प्रत्येक मुलाच्या हातात एक लोहचुंबक द्यायचा. युरोपच्या होडीला तो जागोजागी चिकटणार. आमच्या होडीवरून नुसता घसरणार.

मी पोचले तेव्हा ती होडीत गुडघ्यांवर बसली होती. तिने चुंबक फळीवर टेकवला.

टक्.

हात पुढे सरकवला. टक्. प्रत्येक जोडात. शिवणीच्या आड, लाकडाचं बूच मारून, वर तेल चोपडून बुजवलेले बोल्ट. इतकं सफाईदार काम की मी त्यावर हात फिरवत उभी राहिले होते आणि मला कळलं नव्हतं.

होडी कोकणातल्या एका यार्डात बनली होती. शिवणारे दोन कारागीर खास केरळातून आणलेले. मी तिथूनच यार्डाच्या मालकांना फोन लावला.

“सावंतकाका, होडीत बोल्ट आहेत?”

“आसत मा!” ते खुशीत म्हणाले. “चांगले जाड घातलेत. काळजी करू नको.”

“काका, बिनखिळ्याची होडी मागितली होती ना आपण?”

“ता खरा. पण जर्मनीक जातली होडी. थंय काय झाला तर आमचा नाव खराब होतला. दोरीचो काय भरोसो?”

“आणि शिवणारे? ते काही बोलले नाहीत?”

“ते गेल्यावर घातले.”

मी फोन ठेवला. काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. इतके दिवस मी जर्मनांशी भांडत होते की आमच्या शिवणीवर विश्वास ठेवा, आणि आमच्याच माणसाने ती बंदरात पोचायच्या आधीच मनातून बाद केली होती. मला केसलरांचा इतका राग कधीच आला नव्हता जितका त्या क्षणी सावंतकाकांचा आला. त्यातही ते इतक्या मायेने बोलत होते की धड ओरडताही येईना.

ब्रिंकमनना कळवलं तर ते टाळी द्यायचेच बाकी राहिले. “सुपर! बोल्ट आहेत ना? मग बोल्टची नॉर्म लागू होते. केसलर उद्याच सही करेल. चाचणीचा खर्चही वाचला.”

खरंच तेवढं सोपं होतं. मी केसलरना एक ओळ लिहायची आणि घरी जायचं. मुलं होडीत चढली असती, फ्राउ लेन्त्सचं उद्घाटन वेळेवर झालं असतं. होडीच्या माहितीच्या पाटीवर मात्र लिहिलेलं असतं की हिच्यात लोखंड नाही, आणि ती पाटी माझ्या भरवशावर लिहिलेली होती.

मी फ्राउ लेन्त्सकडे पाहिलं. “काढायचे?” मी विचारलं.

“आणि मग ती टिकली नाही तर?”

“तर दोरी बांधून लांबून दाखवा.” केसलरांचं वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं. “पण खोटं नको.”

तिने होकाराची मान हलवली. ब्रिंकमन माझ्याशी पुढचे काही दिवस फक्त ईमेलवर बोलले. चाचणी पुढे ढकलली. म्युझियमच्या सुताराने एकेक बोल्ट काढला, भोकांत लाकडी खुंट्या बसवल्या. तो काम करताना मी तिथेच उभी होते. खरं सांगते, मला भीती वाटत होती. माझं गणित बरोबर होतं, पण सावंतकाकांनी आयुष्यभर होड्या बांधल्या होत्या आणि त्यांचा दोरीवर भरोसा नव्हता.

चाचणी म्हणजे काय, तर मुलांच्या वजनाच्या बदल्यात वाळूच्या पिशव्या, ठरल्याहून जास्त. पिशव्या चढत गेल्या तशी होडी करकरायला लागली. फळ्या खाली झुकल्या. केसलर दोन पावलं मागे सरले. मीही सरले असते, पण माझी आकडेमोड त्यांच्या हातात होती, त्यामुळे मला हलता येईना.

“ही वाकतेय,” ते म्हणाले.

“वाकणारच. तिचं कामच ते आहे.”

रात्रभर वजन ठेवलं. सकाळी पिशव्या उतरवल्या. फळ्या हळूहळू वर आल्या आणि मापाच्या काट्यावर जवळजवळ मूळ जागी थांबल्या. केसलर वाकून शिवणीकडे बराच वेळ बघत राहिले. “इंटरेसांट,” एवढंच म्हणाले आणि पेन काढलं.

पण अट घातल्याशिवाय सही करतील तर ते केसलर कसले? बुटाच्या टाचांनी काथ्या झिजेल, म्हणून बूट काढूनच चढायचं. मी कपाळाला हात लावला. घरी सांगितलं तर नाना म्हणाले, “बरोबर आहे. होडीत पायताणं घालून कोण जातं?”

उद्घाटनानंतर इराचा वर्ग आला. खिळ्यांच्या होडीत मुलं बुटांसकट धाडधाड चढली. आमच्या होडीपाशी बुटांची रांग लागली, देवळाबाहेर असते तशी. मुलं मोज्यांवर आत फिरत होती आणि चुंबक फळ्यांवरून घासत होती. एका मुलीने संशयाने मला विचारलं, खरंच एकही खिळा नाही का?

“एकही नाही,” मी म्हटलं.

हे मी छातीठोकपणे सांगू शकले, कारण सगळे बोल्ट माझ्यासमोर काढले होते. तेव्हापासून कुठल्याही कामाची फाइल आली की मी नॉर्म नंतर बघते. आधी बनवणाऱ्याला फोन करते आणि विचारते, तुमचा स्वतःचा भरोसा आहे ना यावर?