हेडाच्या वळणात कारभारणीचं बोट

बापू, गुडघा कसा हाय? आक्का, खोकला थांबला का? पन्हाळ्याचे दाजी, साखर आटोक्यात हाय न्हवं?

आज जुन्या मोटारसायकलचं इंजिन हेड, म्हंजी इंजिनाचं वरचं डोकं, पहिल्यांदाच घासायला घेतलं. धूर बाहेर जायची वाट आतून गुळगुळीत करायची होती. जास्त घासलं तर भोक पडून हेड भंगारात, म्हणून थोडं घासून बोटानं चाचपत होतो. त्यात वळणापर्यंत माझं जाडं बोट पोचेना.

शेवटी कारभारणीनं बोट घातलं. "हितं कंगोरा हाय की! मी भांडी अशी घासली तर चाललं असतं व्हय तुमास्नी?"

ती चाचपून सांगत गेली, मी बेतानं घासत गेलो. हेड शाबूत, आणि वाट लोण्यासारखी मऊ!

आता पेट्रोल आत जायची वाट उरलीय. तीपण चकचकीत करू, का पेट्रोल हवेत नीट मिसळावं म्हणून जरा खरबरीत ठेवू? लवकर लिहा, ही पॉलिश पेपर हातात घेऊनच बसलीय.