दादाचं भुकेचं गणित

सकाळी साडेदहाला नितीनचा फोन आला तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मी सूप खाली ठेवलं. मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता... आता माझ्या प्रश्नाचं उत्तर कोण देणार, हा होता. त्याला सव्वा महिना झाला. तो विचार अजून गेलेला नाही.

दादा, माझा सख्खा थोरला भाऊ, दारव्ह्याला कॉलेजात भूगोल शिकवायचा. लोकसंख्येचा धडा हा त्याचा हातखंडा. फळ्यावर तो आकड्यांच्या दोन ओळी लिहायचा. एक, दोन, चार, आठ, सोळा... ही माणसं. एक, दोन, तीन, चार, पाच... हे धान्य. दोनशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रज पाद्र्यानं मांडलेला हा सिद्धांत त्याला मनोमन पटला होता. दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर खाऊन वाढलेली आमची पिढी, पटणारच. सुटीच्या दिवशी सायकल काढून तो गावोगाव 'एकच मूल पुरे' असं सांगत फिरायचा. एका गावात कुणीतरी विचारलं, "मास्तर, तुमच्या घरी कोन थांबलं एकावर?" त्याच वर्षी वहिनीचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. नितीन तेव्हा रांगत होता. मग दादा आर्णीजवळच्या माझ्या सासरच्या खेड्यात आला. माझी मीना दोन वर्षांची होती. सासूबाई ऑपरेशनला नको म्हणत होत्या, नवरा वावरात निघून गेला. दादा मला म्हणाला,

"कुसुम, एकच ठेव. तिले पोटभर दे. बाकीच्याइले अन्न कुठून आनशीन?"

माझा त्याच्यावर देवासारखा विश्वास. मी नसबंदीच्या शिबिरात जाऊन आले.

मीना सहा वर्षांची असताना तापानं चौथ्या दिवशी गेली. दादा आला, ओसरीच्या खांबाला टेकून संध्याकाळपर्यंत बसला. पाणीही घेतलं नाही. मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानं गावोगाव फिरणं सोडलं, पण धडा अभ्यासक्रमात होता, तो शिकवावाच लागे. त्याच्या एका विद्यार्थ्यानं पुढं मला सांगितलं, दोन ओळी लिहून झाल्या की सर वर्गाकडे पाठ करून नुसते उभे राहायचे.

मी अंगणवाडी सेविका झाले. दुसऱ्यांची लेकरं काट्याला टांगून त्यांची वजनं लिहू लागले. निवृत्तीनंतर दादा एकदा तिथं आला. काट्याच्या झोळीत एक किडमिडीत पोरगी होती.

"हिच्या घरी किती जण?"

"मायबाप अन् हे. तिघंच." त्यांचं वावर होतं, पण साऱ्या वावरात कापूस.

दादानं काट्यावरचा आकडा वाचला. मग म्हणाला, "येतानी सरकारी गोदाम पाह्यलं, कुसुम. गहू छतापर्यंत रचेल हाये. धान्य कमी नाई. ते इथपर्यंत येतच नाई... मी उलटं शिकवलं."

"मंग मायी कूस काहून बंद केली रे दादा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडून गेलं. दादानं चपला घातल्या आणि निघून गेला. नंतर लग्नाकार्यात भेटलो, बोललो. पण त्या प्रश्नाला त्यानं कधी हात लावला नाही, आणि मीही तो मागे घेतला नाही. जायच्या आठवडाभर आधी मी त्याला भेटून आले. कण्यांचा पातळ घास भरवायला गेले तर त्यानं तोंड फिरवलं. "तू खाय," म्हणाला. तेव्हाही माझ्याकडून "जाऊ दे दादा" एवढं निघालं नाही.

तेरवीला नितीननं दीडशे पानांचा स्वयंपाक सांगितला होता. आले जेमतेम चाळीस. वहिनी दादाच्या आधीच वारलेल्या. नितीन पुण्याला असतो, त्याला मूलबाळ नाही. घराला कुलूप लावून तो परत जाणार होता. दुपारी मांडव रिकामा झाला तेव्हा उरलेल्या अन्नाचे पितळी गंज माश्या नकोत म्हणून दादाच्या पुस्तकांच्या खोलीत नेऊन ठेवले होते. भात अर्ध्याहून जास्त. वरणावर साय धरलेली.

"आत्या, काय करायचं याचं?" नितीननं विचारलं.

मी पळी हातात घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून होते. ज्याला वाढावं असं आमच्या घरचं एकही लेकरू नव्हतं.