पास्कलची चौथी ओळ

किस्से काय, सुकत घातलेल्या बोंबलासारखे हायेत. काडावं तेवडे निगतात. ऐकनारेच कमी झाले. तुमी बसलाय तर ऐका.

तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं, तवा आमी तिगं एका पत्र्याच्या खोलीत ऱ्हायचो. मी सातपाटीचा, दत्तू साताऱ्याचा, नि पास्कल सुतार. पास्कल गानी जुळवायचा, देवाची. लिवता त्याला येत नव्हतं, मलाबी नाय. रोझरीच्या माळेवर मोजायचा. एक मनी, एक अक्षर. धा मनी झाले का ओळ संपली.

*

मुकादमाला वाटलं, मानूस लई भाविक, कामावरबी जप करतो. म्हनला, "पास्कल, माज्या पोरीच्या लग्नाचं पन सांग तुज्या देवाला."

पास्कल म्हनला, "सांगतो. अजून तिसऱ्या ओळीत हाय."

*

तिसरीच्या फुडं तो जायचाच नाय. चौथी ओळ त्याची बायको रोझी घालायची, भाकऱ्या थापता थापता. ती वारली नि तो आमच्याकडं कामाला आला. सांजचं खाटेवर बसून तीन ओळी म्हनायचा, मग नुसते मनी सरकवायचा. टिक, टिक. आमी जेवन थांबवून ऐकायचो.

*

एकदा मला ऱ्हावलं नाय. तो म्हनत होता,

मारीमाय गो दर्यावरती
तुजा दिवा जळो दिनराती
होड्या आमच्या घरास येती

मी लगेच जोडली, "घाल बोंबील पाटीवरती!"

दत्तू हसून खाटेवरनं पडला. पास्कलनं गपचूप माळ धरली, मोजलं नि म्हनला, "बसली रं. पन ही तुजी."

*

नाताळाला मिस्सा करायला फादर आले. त्यांना हे गानं सगळ्यांकडनं म्हनून घ्यायचं होतं. म्हनले, चौथी ओळ मी देतो. पास्कलच्या मनात लई होतं गानं व्हावं, सदरा पन नवा घातलेला. तरी मान हलवली. "तुमची चांगलीच असंल, फादर. पन ती रुसंल."

गानं झालं नाय. दत्तू भडकला, म्हनला, "अरे बाई गेली, आता तू घाल की!" दोन दिस पास्कल आमच्याशी बोलला नाय. जेवला पन पाठ फिरवून.

*

फुडल्या साली मेलेल्यांच्या सनाला मी नि दत्तू त्याच्यासंगं गेलो. केळव्याच्या बाजूला, रोझीच्या माहेरी तिची कबर. त्यानं मेनबत्ती लावली, माळ काडली.

आलो गो रोझी, एकटा आलो
मेनबत्तीला वारा लागतो
येशूच्या दारी कोन जागतो

नि थांबला. मनी सरकवायला लागला, सावकाश, मान वाकडी करून, कोन सांगतंय तसा. मी, एवडा वात्रट, पन तोंड उघडलं नाय. धावा मनी गेला. बोट फुडल्या मन्यावर जाऊन थांबलं.

पास्कल हसला. वरीसभरात पयल्यांदा. म्हनला,

"एक अक्षर जास्त झालं गो तुजं."